गाठीचा पंचनामा

भिंगसाहेबांना उभ्या नोकरीत कुणी फसवू शकलं नव्हतं. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे त्यावर शंका घ्यायची सोय नव्हती. विमा कंपनीत ते दाव्यांची तपासणी करत. कुणाचं गोदाम जळालं, कुणाच्या दुकानात चोरी झाली की कंपनी त्यांना पाठवायची. खिशात कायम भिंग असायचं म्हणून ऑफिसातल्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं 'भिंगसाहेब' हे नाव एक दिवस त्यांच्या कानावर आलं. राग येण्याऐवजी त्यांना ते आवडलं, आणि निवृत्तीपर्यंत ते त्यांच्या घरीही मुक्कामाला आलं.

त्यांची एक पद्धत होती. जळालेल्या दुकानात उभं राहिलं की मालक काय सांगतोय ते ते ऐकतच नसत. मान डोलवायची, "बरं, बरं" म्हणायचं, आणि बघायचे त्याचे हात, त्याची हनुवटी, त्याची बायको कुठे बघतेय ते. "शब्द काय, कुणीही पाठ करून येतो," ते नव्या लोकांना शिकवायचे. "हनुवटी पाठ करता येत नाही." दुसरा नियम असा की संशय आला की आपण गप्प बसायचं. समोरच्याला शांतता पेलवत नाही आणि तो आपणहून बोलायला लागतो. या दोन नियमांवर त्यांनी भरपूर लबाड पकडले. चोर सोडून संन्याशाला फाशी किती वेळा दिली, ते मात्र कुणी मोजलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली, जखम भरली. शिंक आली किंवा जोरात हसू आलं की थोडी पंचाईत व्हायची, म्हणून पँटच्या आत पॅड लावावा लागे. हसण्याचा प्रश्न त्यांना फारसा नव्हता. खरा प्रश्न एकच होता, रोग परत येणार का? तरुण डॉक्टर म्हणाले, काढलेल्या गाठीचा तुकडा आपण मेणात घालून ठेवलाय. त्यातली जनुकं तपासली की गाठ मवाळ होती की पुन्हा डोकं वर काढणाऱ्यांतली, याचा अंदाज येतो. सोबत रक्तही तपासू, म्हणजे जन्मापासूनच काही बिघाड आहे का तेही कळेल.

"म्हणजे चोर परत चोरी करणार का, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवणार," भिंगसाहेब म्हणाले.

"साधारण तसंच," डॉक्टर हसले. हसणाऱ्या डॉक्टरांवर भिंगसाहेबांचा विश्वास नव्हता.

निकालाच्या दिवशी त्यांनी सवयीप्रमाणे खुर्ची जरा तिरकी करून घेतली, म्हणजे डॉक्टर आणि बायको दोघंही नजरेत राहावेत. डॉक्टर बोलायला लागले. "रोग परत येण्याची शक्यता कमी दिसतेय, सध्या रेडिएशनची गरज नाही," एवढं त्यांच्या कानात गेलं. मग डॉक्टरांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज खाली आला. पेनाचं टोपण त्यांनी उगाचच काढलं आणि परत लावलं. आणि बायकोची हनुवटी थरथरली.

झालं! त्यानंतर भिंगसाहेब नुसते बघत राहिले. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, त्यांनी मान डोलवली. आणखी काही विचारलं तेव्हा "सांगतो, सांगतो" म्हणाले. बायकोने पदराने डोळे पुसले. शक्यता कमी आहे हे ऐकून रडणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती. पाणी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय हे सांगायला भिंगाचीही गरज नव्हती.

जिना उतरताना बायको म्हणाली, "अहो, आता चिंगीशी कसं बोलायचं?"

चिंगी ही त्यांची एकुलती एक मुलगी. चौतिशीची. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायची आणि कारखान्याजवळच खोली घेऊन एकटी राहायची. बाप मरणार हे लेकीला कसं सांगायचं, असाच बायकोच्या बोलण्याचा अर्थ त्यांनी लावला. तिला तिथेच थांबवून सगळं विचारावंसं त्यांना वाटलं. पण इतक्या वर्षांची सवय अशी सुटत नाही. त्यांनी दुसरा नियम काढला.

"हा विषय आता घरात नको," ते म्हणाले. "जे कळायचं ते कळलं."

बायकोने रिपोर्टची प्रत पिशवीत घातली. "बरं," ती म्हणाली.

चार दिवसांत ही फुटेल, असा त्यांचा हिशेब होता. तीन महिने झाले तरी ती फुटली नाही. उलट गोड वागायला लागली. ओला टॉवेल पलंगावर टाकला की घर डोक्यावर घेणारी ही बाई! एका सकाळी तिने टॉवेल मुकाट उचलला आणि वाळत घातला. भिंगसाहेबांना दरदरून घाम फुटला. इतक्या वर्षांच्या संसारात टॉवेल माफ झाला होता, म्हणजे आता फार दिवस उरले नव्हते.

चिंगीचंही तेच. ती पूर्वी सुट्टीच्या दिवशी यायची, त्यांच्या हातातलं पेपरातलं शब्दकोडं ओढून घ्यायची आणि त्यांच्याशी कचाकचा भांडायची. आता ती आली की सरळ स्वयंपाकघरात जायची. दार अर्धवट लोटलेलं असायचं. आतून कुजबूज यायची, आणि भिंगसाहेब पाणी प्यायला म्हणून आत शिरले की दोघी एकदम भांड्यांबद्दल बोलायला लागायच्या. भांड्यांबद्दल इतकं बोलण्यासारखं जगात काही नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा तर चिंगी निघताना दारात थबकली.

"बाबा, तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

भिंगसाहेब सावध झाले. अशा वेळी घाई करायची नसते. "मला? नाही बुवा. तुला काही सांगायचंय का?"

चिंगीने चपलेचा पट्टा नीट केला. "नाही," ती म्हणाली आणि गेली. जिन्यात ती मध्येच थांबल्याचं त्यांनी दाराआडून ऐकलं. मग पुन्हा पावलं वाजली.

भिंगसाहेब मरणाला घाबरले होते, हे एकदा सरळच सांगून टाकतो. वरवर तपास चालू होता, आतून माणूस पार पोखरला होता. रेडिएशन का दिलं नाही? देऊन उपयोग नसेल म्हणून. रोगाचा माग दाखवणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा नवा आकडा जवळजवळ शून्य आला, तर आकडा काय, छापला की झाला. डॉक्टरांनी रिपोर्टची प्रत दिली होती, ती त्यांनी उघडूनही पाहिली नाही. दुसऱ्याने तयार केलेला कागद आधी वाचायचा नाही, वाचला की नजर बिघडते, हाही त्यांचाच नियम होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. यांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हे पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

मग एकदा बायको गॅलरीत फोनवर बोलताना सापडली. "मंगळवारी अकराला? मी येऊ का? बरं, नको तर नको... हो, पहिल्या मजल्यावर, जुन्या इमारतीत. यांच्यासमोर नाही काढत मी विषय."

मंगळवारी भिंगसाहेबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, दोन पॅड खिशात जादा घेतले आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडले. पाय थेट हॉस्पिटलात जाऊन मोकळे झाले.

अकराला अजून अवकाश होता. तेवढ्यात एक जुनी शंका फेडून घ्यावी म्हणून ते तळमजल्यावरच्या लॅबच्या खिडकीशी गेले. आत ट्यूबलाइटच्या उजेडात एक बाई काचपट्ट्यांवर चिकटपट्टी लावत होती.

"माझी गाठ तुमच्याकडे आहे," भिंगसाहेब म्हणाले. "मला बघायचीय."

बाईने चष्मा वर केला. "गाठ बघायचीय म्हणजे काय, काका?"

"ती माझीच आहे कशावरून? अदलाबदल होऊ शकते. मी विम्यात होतो. एकदा एका माणसाने शेजाऱ्याचं जळालेलं मशीन आपलं म्हणून दाखवलं होतं."

"इथे गाठ कोण पळवणार, काका?" बाई म्हणाली. पण माणूस हटणारा नाही हे तिने ओळखलं. त्यांचं ओळखपत्र पाहिलं, आत गेली आणि एका ट्रेमधून मेणाची वडी घेऊन आली. साबणाच्या चिपेएवढी वडी, मध्ये नखाएवढा करडा डाग, कडेला नंबर. नंबर बरोबर जुळला.

भिंगसाहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि त्या डागाकडे कितीतरी वेळ पाहिलं. एवढ्याशा डागाने त्यांची झोप उडवली होती. त्यांनी वडी फिरवून पाहिली, उजेडात धरून पाहिली. काही कळेना. गाठीला हनुवटी नसते.

"झालं समाधान?" बाईने विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि जुन्या इमारतीकडे निघाले.

पहिल्या मजल्यावर लांबलचक बोळ होता. एका बाजूला बंद दारं, दुसऱ्या बाजूला निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळीकडे फिनाइलचा वास. मधल्या खुर्चीवर चिंगी बसली होती. मांडीवर मोठा खाकी लिफाफा, त्याच्यावर दोन्ही हात घट्ट. भिंगसाहेब खांबाआड उभे राहिले. म्हणजे लेक बापाचे रिपोर्ट घेऊन परस्पर डॉक्टरांना भेटते आहे! त्यांना रागही आला आणि रडूही आलं. आता ती आत गेली की मागोमाग आत शिरायचं, असं त्यांनी ठरवलं.

फिनाइलने घात केला. त्यांना सणसणीत शिंक आली, मागोमाग दुसरी, आणि दोन्हींचे परिणाम पॅडवर झाले. चिंगीने मान वळवली.

"बाबा?"

ती उठली. आणि तिचा चेहरा असा उजळला की भिंगसाहेब चक्रावून गेले. पकडला गेलेला माणूस असा दिसत नाही.

"आलात तुम्ही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईला म्हटलं होतं मी, बाबा येणार नाहीत. तुम्हाला आईने सांगितलं का? की आपणहून आलात?"

"चिंगे, माझ्यापासून आता काही लपवू नकोस," ते म्हणाले. "स्पष्ट सांग. किती दिवस राहिलेत?"

"कशाला?"

"माझे! माझे किती दिवस राहिलेत?"

शेजारच्या खुर्चीवरची बाई उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

"तुमचे?" चिंगी म्हणाली. "तुमचं सगळं ठीक आहे, बाबा. तुमची गाठ मवाळ निघाली. तरी लक्ष ठेवायचं म्हणालेत, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, बस. आज माझा रिपोर्ट आहे."

"तुझा कसला रिपोर्ट?"

तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला. ती खाली बसली. "बाबा, त्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं?"

भिंगसाहेबांनी आठवून पाहिलं. डॉक्टरांनी उलटलेलं पान आठवलं. पेनाचं टोपण निळं होतं तेही आठवलं. बायकोची हनुवटी तर समोर होती तशी आठवली. शब्द मात्र एकही आठवेना. तिथे नुसती डॉक्टरांच्या ओठांची हालचाल होती.

"मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "मी तुझ्या आईकडे बघत होतो."

चिंगीने मग सगळं सांगितलं. लिफाफ्याचा कोपरा चुरगाळत, खालच्या आवाजात. गाठीचा रिपोर्ट चांगला होता. दुसऱ्या पानावर रक्ताचा होता. पेशींची दुरुस्ती करणारं एक जनुक असतं, त्याची एक प्रत त्यांच्या अंगात जन्मापासूनच बिघडलेली आहे. ती मुलांमध्ये उतरू शकते. मुलीत उतरली तर तिला छातीचा आणि ओव्हरीचा कॅन्सर व्हायचा धोका कितीतरी वाढतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलीची तपासणी करा. आई रडली ती तेव्हा.

"माझ्यात आहे ते," चिंगी म्हणाली. "दोन महिने झाले कळून. आज पहिल्या स्कॅनचा रिपोर्ट आहे."

भिंगसाहेबांना बसायला खुर्ची सापडेना, इतक्या खुर्च्या समोर असून. आयुष्यभर ते आग कुठून लागली हेच शोधत आले होते. इथे ती त्यांच्याच अंगातून निघून पोरीच्या पदराला लागली होती, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलेलं असताना ते हनुवट्या बघत बसले होते. बायकोचा चेहरा त्यांनी अगदी बरोबर वाचला होता. ती खरंच कुणासाठी तरी जीव मुठीत धरून बसली होती. फक्त ते आपल्यासाठी आहे असं त्यांनी धरलं होतं.

"मला सांगितलं का नाही कुणी?"

"तुम्हाला माहीत होतं ना! तुम्हीच म्हणालात, विषय घरात नको." चिंगीचा आवाज चढला. "आई म्हणाली, त्यांना वेळ दे, आपल्यामुळे झालं म्हणून आतल्या आत जळतायत. मला वाटायचं तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही. त्या दिवशी दारात मी विचारलं तुम्हाला. तुम्ही 'नाही बुवा' म्हणालात. जिन्यात उभी राहिले होते मी, तुम्ही हाक माराल म्हणून."

"मी ऐकलं होतं तू थांबल्याचं," भिंगसाहेब म्हणाले. त्यांना आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

चिंगीने नाक पुसलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने झटकन वर पाहिलं. "आणि काका? काकांना तरी सांगितलंत ना?"

"त्याला काय सांगायचं?"

"बाबा! डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, भाऊ आहे का. त्यालाही तपासायला हवं, त्याच्या मुलींना हवं. आई म्हणाली, तुम्ही स्वतः म्हणालात, सांगतो."

सांगतो, सांगतो. ते मात्र आता आठवलं.

धाकट्या भावाशी ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. आई गेली तेव्हा तिच्या बांगड्या सापडेनात, आणि भिंगसाहेबांनी सगळ्या नातेवाइकांसमोर धाकट्याची उलटतपासणी घेतली होती. त्या दुपारी तू कुठे होतास, सोबत कोण होतं, कपाटाची किल्ली कुणाकडे होती. पुढे बांगड्या आईच्याच गादीच्या खोळीत सापडल्या. माफी काही सापडली नाही. धाकट्याला दोन मुली होत्या, दोघी चिंगीपेक्षा लहान.

दार उघडून नर्सने चिंगीला हाक मारली. "सोबत कुणी आहे का?"

भिंगसाहेब पुढे झाले. चिंगीने हात आडवा धरला.

"तुम्ही नका येऊ, बाबा. आत मला माझंच ऐकायचंय, तुमच्याकडे लक्ष द्यायला नको. तुम्ही काकांना फोन करा. आत्ता."

दार बंद झालं. भिंगसाहेबांनी फोन काढला. नंबर फोनमध्ये होता, कधी पुसला नव्हता.

"कोण?"

"मी. दादा."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "काय हवंय?"

त्यांनी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. गाठ, रक्त, जनुक, चिंगी, सगळं एकात एक मिसळलं. धाकट्याने मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही.

"हे तुला कधी कळलं?"

"तीन महिन्यांपूर्वी. म्हणजे आज."

"तीन महिन्यांपूर्वी की आज?"

"सांगितलं तेव्हा. मी ऐकलं नाही. आज ऐकलं."

"डॉक्टर बोलत होते तेव्हा तू कुठे होतास?"

"समोर."

"सोबत कोण होतं?"

"तुझी वहिनी."

"मग तिने का नाही फोन केला? ह्यात तुझा डाव काय आहे?"

प्रत्येक प्रश्न योग्य होता. भिंगसाहेबांनी स्वतःही हेच विचारले असते, याच क्रमाने. ते मुकाट उत्तरं देत गेले. आपण खरं बोलतोय हे सिद्ध कसं करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"इतक्या वर्षांनी माझ्या पोरींसाठी फोन केलास," धाकटा म्हणाला, "आणि दिलंस काय, तर हे."

"हो," भिंगसाहेब म्हणाले. "माफी पण मागायची होती. बांगड्यांची. ती आधी मागायला हवी होती. पण तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पोरींना तेवढं तपासायला ने."

पलीकडे शांतता पसरली. भिंगसाहेब शांततेत बसण्यात तरबेज होते. पण ही त्यांना पेलवेना. "ऐकतोयस ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

"तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही," धाकटा शेवटी म्हणाला. "चिंगीला दे फोन. ती सांगेल ते खरं."

दार उघडलं. चिंगी बाहेर आली, लिफाफा काखेत. भिंगसाहेबांनी सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काहीच वाचता आलं नाही.

"थांब," ते फोनमध्ये म्हणाले. "आधी मला तिला काही विचारायचंय." आणि त्यांनी फोन छातीशी धरून विचारलं, "चिंगे, काय म्हणाले आत?"

तीन महिने तिने ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आता अशा बोळात, फिनाइलच्या वासात आला होता.

"सांगते. पण माझ्या तोंडाकडे बघू नका. ऐका."

भिंगसाहेबांनी मान खाली घातली. समोर फरशी होती, एक तडा गेलेली. ते ऐकू लागले.

"आत्ता कुठेही गाठ नाही. दर वर्षी स्कॅन करायचा. ओव्हरी काढायची की नाही, ते चाळिशीच्या आत ठरवायला सांगितलंय. मला मूल हवंय की नको हेही तोवर ठरवायला हवं. मला भीती वाटते, बाबा. आणि हे सगळं मी एकटीने ठरवणार नाहीये."

फोनमधून धाकट्याचा आवाज येत होता. भिंगसाहेबांनी फोन कानाला लावला.

"दादा," तो विचारत होता, "काय म्हणाली ती?"

भिंगसाहेबांनी चिंगीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी फरशीकडे बघत तिचं बोलणं पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, धाकट्याला सांगितलं.